फिरत्या घराचं नाक

८ नोव्हेंबर २०२५, शनिवार. लोणखेडा

आज शेवटच्या खिडकीला रबर बसवलं आणि गाडी पूर्ण झाली. सात महिने अंगणात उभी असलेली शाळेची जुनी मिनीबस आता घर आहे. दोन पलंग, गॅसची शेगडी, बेसिन, आणि जसोदेच्या गुडघ्यांसाठी मागे कमोड. पाइप लावून चारी बाजूंनी पाणी मारलं, आत थेंब नाही. दार लावलं की शेजारच्या ट्रॅक्टरचा आवाजही येत नाही. बत्तीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये काढली, पण असं घट्ट काम तिथेही कोणी केलं नसेल. मी स्वतःच तीनदा आत जाऊन बसलो.

जसोदाबाईंनी एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "मच्छर येवाव नही, ते ठीक. पन हवा कोठेन यी?"

कौतुक करायचं सोडून हे. बायकोपुढे काहीही बांधा, तिला आधी उणं दिसतं.

पण गाडी तिच्यासाठीच आहे. अडतीस वर्षांत तिने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली, नर्मदा परिक्रमा. पायी जमणार नाही, दोन्ही गुडघे गेले. बसने नेली असती, पण धर्मशाळेतल्या उंच पायऱ्या आणि बाहेरचे संडास तिला झेपायचे नाहीत. म्हणून हे फिरतं घर. पाच जानेवारीला ओंकारेश्वरहून निघायचं. कोणत्याही परिस्थितीत निघायचंच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

मोहिनीचा सुरतहून फोन. लेक नर्स झाली तेव्हा पेढे वाटले होते, आता ती माझ्यावरच हुकूम सोडते. गाडीचे फोटो पाहून पहिलं वाक्य, "पप्पा, मम्मीले या बंद गाडीमा झोपाडणं व्हई ते पहिले मशीन लावा. धुरानं येगळं, कार्बन मोनॉक्साईडनं येगळं. नहीते मम्मी येवाव नही."

मी म्हटलं, माझं नाक काय गहाण पडलंय? डेपोत नवनीत पाटलांचं नाक प्रसिद्ध होतं. गाडी आत शिरताच मी सांगायचो, क्लचप्लेट जळतेय की वायर तापतेय. साहेब लोक माझं नाक पाहून बॉनेट उघडायचे.

ती म्हणाली, या वायूला वास नसतो, रंग नसतो. मागच्या हिवाळ्यात त्यांच्याकडे एक नवराबायको आणले होते, बाथरूममध्ये गॅसचा गीझर, खिडकी बंद. "झोपेल दिसत व्हतात, पप्पा. चेहरा बी लाल व्हतात." दोघांपैकी कोणीच वाचलं नव्हतं.

जसोदा शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर म्हणाली, "पोर सांगस ते लावा." मी म्हटलं, पाहू.

१६ नोव्हेंबर, रविवार

नंदुरबारला जाऊन आलो. मिरचीबाजाराजवळून जाताना असा ठसका लागला की डोळ्यांतून धारा. मोटारसायकल थांबवून पाच शिंका दिल्या. म्हणजे नाक शाबूत आहे, मोहिनीला कळवायला हवं. मात्र घरची भाजी हल्ली बेचव लागते, मसाल्यात पूर्वीचा दम राहिला नाही. रासायनिक खतांचा परिणाम, दुसरं काय.

ललितच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात यंत्र मिळालं. डब्यावर ज्वाळेचं चित्र, शेजारी ढगाचं. ललित म्हणाला, "काका, एकमाच बठं उनं. आग, धूर, गॅस." एकाच डब्यात सगळं, म्हणजे दोन घ्यायची कटकट मिटली. आल्या आल्या लायटरचा गॅस सोडून पाहिला तर असं केकाटलं की म्हैस दावं तोडायला लागली. पास.

संध्याकाळी दूध उतू जाऊन पातेलं करपलं. मी स्वयंपाकघरातच पेपर वाचत होतो, वाचनात इतका गढलो की कळलं नाही. जसोदा पार परसातून लंगडत धावत आली. गॅस बंद केला, माझ्याकडे पाहिलं आणि पातेलं घासायला नेलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ललितच्या डब्याचा फोटो मोहिनीला पाठवला. पाच मिनिटांत उत्तर. मागच्या बारीक अक्षरांत फक्त एलपीजी आणि मिथेन लिहिलं आहे. "याले सिलेंडरना गॅसच कळस. धूर बी नही, कार्बन मोनॉक्साईड बी नही."

उदबत्तीचा जुडगा पेटवून डब्याखाली धरला. गप्प. देवघरातला धूप आणला. गप्प. ढगाचं चित्र म्हणजे नुसती शोभा निघाली.

राग आला, ललितपेक्षा स्वतःचा जास्त. सुटा भाग हातात घेतल्यावर आधी मागचे आकडे वाचायचे हे मी बत्तीस वर्षं पोरांना शिकवलं, आणि स्वतः चित्राला भुललो.

२३ नोव्हेंबर, रविवार

चार दिवस यंत्रांचाच अभ्यास. मोहिनीने पाठवलेली माहितीपत्रकं छापून आणली, चष्मा लावून वाचली, वहीत रकाने पाडले. आता या विषयात तालुक्यात माझ्याइतका जाणकार कोणी नसावा.

पहिला प्रश्न, तिन्ही एकात की वेगळी? सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो. धूर वर चढतो. कार्बन मोनॉक्साईड हवेतच मिसळून फिरतो, त्याचं यंत्र झोपणाऱ्याच्या उशाशी, डोक्याच्या उंचीवर हवं. जागा तीन, मग एक डबा तिन्हीकडे कसा टांगणार? तेव्हा तीन वेगळी. ललितचा डबा फुकट गेला नाही, तो शेगडीजवळ खाली बसेल.

दुसरा प्रश्न, कोणतं? कार्बन मोनॉक्साईडची अर्ध्याहून जास्त यंत्रं घरातल्या भिंतीसाठी असतात. गाडी खड्ड्यातून उडते, उन्हात तापते, थंडीत गारठते. फिरत्या गाडीत चालेल असं प्रमाणपत्र असलेलं हवं. आकडा दाखवणारं हवं, म्हणजे खरं काय ते दिसेल. आणि बनवल्याची तारीख पाहायची, कारण वायू ओळखणारी आतली चकती काही वर्षांत निकामी होते. डबा चांगला दिसतो, बटण दाबलं की ओरडतो, पण आतून आंधळा झालेला असतो. हे वाचून मात्र मी चमकलो.

अकरांमधून एक निवडलं. धुराचं त्याहून लवकर ठरलं. मोहिनी दोन्ही सुरतहून कुरिअर करणार आहे. म्हणाली, "पप्पा, एवढा अभ्यास मी परीक्षाना टाइमले बी करा नव्हता." लेकीकडून शाबासकी मिळाली की छाती फुगते, हे कबूल करतो.

३० नोव्हेंबर, रविवार

तिन्ही बसवली. धुराचं यंत्र बरोबर शेगडीच्या वर लावलं, आग लागलीच तर तिथेच लागणार. मोहिनीने एक कागदही पाठवला आहे, उशाशी चिकटवायला. मोठ्या अक्षरांत लिहिलंय, "आकडा शंभरच्या वर गेला तर वाद घालायचा नाही. बाहेर पडायचं. मग फोन." वाद घालायचा नाही हे खास माझ्यासाठी. चिकटवला बापडा.

३ डिसेंबर, बुधवार

गाडीत पहिला स्वयंपाक. जसोदेने तेलात सुक्या मिरच्या टाकल्या आणि धुराच्या यंत्राने आकांत मांडला. शेजारच्या धनुबाई हातातलं काम टाकून कुंपणाशी आल्या. बटण दाबलं, गप्प झालं, दोन मिनिटांत पुन्हा. वरण होईपर्यंत सहा वेळा. खानदेशी घरात असलं यंत्र चालणार नाही, ते साहेबाच्या उकडलेल्या बटाट्यासाठी बनवलेलं आहे.

रागाच्या भरात त्याचे सेल काढले. मग उशाशी असलेल्या कार्बन मोनॉक्साईडच्या यंत्राचेही काढले, एकाच घरातली माणसं, त्याचंही काय सांगता येतं. चारही सेल खणात टाकले. पुढच्या आठवड्यात गाडीच्या चाचणीसाठी तोरणमाळच्या थंडीत जायचंय, तिथून आल्यावर बघू.

जसोदा म्हणाली, "चूलना डोकावर कसाले लायं? दार कडे लावा ना." मी लक्ष दिलं नाही.

७ डिसेंबर, रविवार

विचार करता माझ्या लक्षात आलं की धुराचं यंत्र शेगडीपासून लांब, दाराकडच्या छताला हवं. हलवलं, सेल घातले. आज जसोदेने भरपूर मिरच्यांची फोडणी दिली, ते एकदाही ओरडलं नाही. असे उपाय सुचायला अनुभव लागतो.

उशाशीच्या यंत्राचे सेल खणात सापडले नाहीत. पाहिलं तर यंत्रातच होते. मीच परत घातले असणार, वय झालं.

१४ डिसेंबर, रविवार. लोणखेडा, दुपार

रात्रभर झोप नाही. तरी आजच लिहितो, उद्या लिहिलं तर मी स्वतःला शहाणा करून लिहीन.

काल परिक्रमेच्या आधीची चाचणी म्हणून तोरणमाळला गेलो. घाट गाडीने लोण्यासारखा चढला. तलावाकाठी ईश्वरच्या चहाच्या टपरीशेजारी गाडी लावली. चार वाजल्यापासूनच गारठा. मी घरून वांगी आणि पऱ्हाट्यांची मोळी नेली होती, कारण भरताची वांगी गॅसवर भाजणं मला मान्य नाही. कपाशीच्या काड्यांची आच लागल्याशिवाय ते भरीत नव्हेच. पऱ्हाट्यांची धग टिकत नाही म्हणून खाली बाभळीचे दोन ओंडके घातले. दिवस मावळायच्या आत जेवलो. भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात.

जेवण झालं तेव्हा निखारे काय सुरेख फुलले होते. धूर पूर्ण संपलेला, नुसता लालभडक विस्तव. तो थंडीत वाया घालवायचा? घमेल्यात भरला आणि गाडीत दोन पलंगांच्या मध्ये ठेवला. दार लावलं. जसोदा म्हणाली, "बाहेरच ऱ्हाऊ द्या ना." मी म्हटलं, मोहिनी झाली तेव्हा तुझ्या खाटेखाली सव्वा महिना शेगडी होती, काय झालं? धूर असता तर गोष्ट वेगळी. छताकडे बोट दाखवलं, धुराचं यंत्र गप्प आहे बघ. खालचं ललितचं गप्प आहे.

गाडी मस्त उबदार झाली. पंधरा-वीस मिनिटांत जसोदा म्हणाली, "डोकं जड पडी गयं मन्हं." मी म्हटलं, घाटातली वळणं. माझंही कपाळ ठणकत होतं, पण मी बोललो नाही. ती आडवी झाली. मलाही गोड पेंग यायला लागली.

तेवढ्यात उशाशी यंत्र कडाडलं.

इथे खरं लिहितो. माझ्या मनात पहिला विचार आला तो, हे बिघडलं. मी बटण दाबलं. ते थांबलं आणि लगेच पुन्हा सुरू झालं. मी सेल काढायला झाकणाला नख लावलं. तेव्हा आकडा दिसला. तीनशे बारा. पाहता पाहता तीनशे चाळीस. आणि त्याच्याखाली मोहिनीचा कागद, वाद घालायचा नाही.

मी वाद घातला नाही. दाराला लाथ मारली. जसोदेला हाक दिली तर ती "हं" म्हणाली आणि उठेना. काखेत हात घालून ओढली, पायऱ्यांवरून कशी उतरवली आठवत नाही. मीही दोनदा धडपडलो. ईश्वर टपरीतून धावत आला, त्याने तिला दुसऱ्या बाजूने धरलं. मोकळ्या हवेत खाटेवर बसवली. तिने ओकारी काढली, मग डोळे उघडले आणि मी बाहेर आलो का हे पहिलं विचारलं, "तुम्ही बाहेर उनात ना?"

ईश्वरने श्वास रोखून आत जाऊन घमेलं बाहेर आणलं. म्हणाला, "काका, विस्तव असा पेटीत नाय ठेवायचा. आमच्या घराला कुडाच्या भिंती, वारा इकडून येतो तिकडून जातो. तुमची तर पत्र्याची पेटी आहे."

पेटी. सात महिने रबर आणि सिलिकॉन लावून मी पेटी बनवली होती. बाळंतिणीच्या खोलीवर कौलं होती, त्यांच्या फटींतून चांदणं दिसायचं. हे मला, मेकॅनिकला, चहावाल्याने सांगावं लागलं.

मोहिनीने फोनवर रडत-ओरडत सांगितलं तसं ईश्वरच्या भावाच्या जीपने दवाखान्यात गेलो. दोघांना ऑक्सिजन लावला. सकाळी डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास आत राहिला असता तर दोघांना कोणी उठवू शकलं नसतं. वेळेत बाहेर कसे पडलात? मी म्हटलं, यंत्र ओरडलं. ते म्हणाले, यंत्र लावलेल्या गाडीबद्दल मी पहिल्यांदाच ऐकतोय.

मग मला आठवलं. मी जसोदेला विचारलं, त्याचे सेल मी घातले होते का गं?

ती म्हणाली, "मीच टाकात."

मग नळीतून श्वास घेत एकेक वाक्य करून बोलली. "तुम्हले वास येत नही. कोरोना व्हयना तैपाईन. चार वरीस व्हई ग्यात. तुम्हले कसं सांगू? डेपोमा तुम्हना नाकनं केवढं नाव!"

मी म्हटलं, मूर्खासारखं बोलू नकोस.

ती म्हणाली, "दूध करपनं तैं तुम्ही जोडेच बठेल व्हतात. रातले दोनदा उठीसन मी गॅसनं बटन दखस. बहीन तळोदाले बलावस, मी गयी नही. मांगे सिलेंडर चालू ऱ्हाई गया ते तुम्हले कोन सांगी?"



१७ डिसेंबर, बुधवार

मोहिनी रजा टाकून आली. डोळ्यांवर रुमाल बांधून माझी परीक्षा घेतली. पाच वाट्या. हिंग, कॉफी, रॉकेल, लसूण, केवडा. मी एकही ओळखली नाही. रॉकेलला मी साबण म्हटलं. सहावी वाटी आणली तिला मात्र जोरात शिंकलो आणि म्हटलं, मिरची! मोहिनी म्हणाली, "पप्पा, ती तिखटनी आग शे. वास नही."

रुमाल सोडला तेव्हा दोघी माझ्याकडे पाहत होत्या. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडलो. नाकासाठी नाही. ही बाई चार वर्षं माझ्या वाट्याचाही वास घेत होती, घर सोडून हलत नव्हती, आणि मी मित्रांना सांगत होतो की आमच्या हिला फिरायची हौसच नाही.

बाहेर आलो आणि जसोदेला म्हटलं, चूक झाली. अडतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं. ती म्हणाली, "च्या ठेवू का?"

२१ डिसेंबर, रविवार

माझ्या घट्ट गाडीला स्वतःच्या हाताने चार भोकं पाडली. दोन खाली, दोन वर, जाळी लावून, बंद होणार नाहीत अशी. ड्रिल लावताना जीव तुटला, पण लावलं. मोहिनीने वाकून वारा आत येतो का पाहिलं आणि पास केलं. कोळशाची शेगडी, निखारे, घमेलं यांना गाडीत बंदी.

घरातल्या स्वयंपाकघरातही तीन यंत्रं लावली. या खेपेला कोणतं कुठे हे जसोदेला विचारलं. तिने बोटाने दाखवलं, मी खिळा ठोकला.

२७ डिसेंबर, शनिवार

जसोदाबाई तळोद्याला बहिणीकडे पाच दिवस राहून आज परतल्या. पाच दिवस! बहिणीच्या घरचे किस्से संपतच नाहीत, गाल वर आले आहेत. मी एकट्याने खिचडी केली, रोज सकाळी तिन्ही यंत्रांची बटणं दाबली आणि जिवंत आहे.

दरम्यान चौकात मी सगळी हकीकत सांगितली, नाकासकट. लपवून काय करायचं? पहिल्या दिवशी हसले. दुसऱ्या दिवशी चौघे घरी आले, बाथरूममधला गॅसचा गीझर दाखवायला घेऊन गेले. आज धनुबाईंचा गीझर बाहेरच्या भिंतीवर हलवून दिला. ललितने दुकानात योग्य यंत्रं मागवली आहेत आणि गिऱ्हाइकाला मागची बारीक अक्षरं स्वतः वाचून दाखवतो. डेपोत असताना मला लोक इतकं विचारत नव्हते.

५ जानेवारी २०२६, सोमवार. ओंकारेश्वर

निघालो! सकाळी घाटावर संकल्प केला. जसोदा माझा हात धरून पाच पायऱ्या उतरली, तिने कुपीत जल भरलं, आणि मोठ्याने "नर्मदे हर" म्हणाली. एवढा मोठा आवाज तिच्यात आहे हे मला ठाऊक नव्हतं. आमच्यासोबत आणखी तीन गाड्या आहेत, भुसावळकडचे लोक. त्यांच्यातल्या एकाने मागच्या सीटखाली कोळशाची शेगडी ठेवलेली दिसली. मी त्याला तोरणमाळची गोष्ट सांगितली. त्याची बायको मध्येच उठली आणि शेगडी आश्रमाला देऊन आली.

६ जानेवारी, मंगळवार. बडवानीच्या अलीकडे

हे मी गाडीबाहेर खुर्चीवर बसून लिहितो आहे. आश्रमाच्या अंगणात मुक्काम होता. सकाळचे आठ वाजून गेले. बाकीच्या तिन्ही गाड्या सहालाच तयार झाल्या, आंघोळ, आरती, चहा, सगळं उरकलं.

जसोदा अजून झोपलेली आहे. मी तीनदा आत डोकावून आलो. यंत्राचा आकडा शून्य आहे, श्वास चांगला चालू आहे. कुशीवर वळून, तोंड थोडं उघडं टाकून, लहान पोरीसारखी झोपली आहे. लग्न झाल्यापासून मी तिला दिवसाउजेडी झोपलेली कधी पाहिली नव्हती. मी रात्री दोनला आणि चारला जागा होतो. ती एकदाही उठली नाही.

भुसावळवाले आता हॉर्न वाजवायला लागले. त्यांचा म्होरक्या ओरडला, "ओ पाटील, निंघा ना, उशीर व्हई ऱ्हायना!"

उशिरा निघणाऱ्या ड्रायव्हरवर बत्तीस वर्षं मीच ओरडलो आहे. मी त्याच्या खिडकीशी गेलो आणि सांगितलं, तुम्ही व्हा पुढे, आमची वेळ ठरलेली नाही. आणि हॉर्न वाजवू नका, आत माणूस झोपलं आहे.